व्हिलनमामांचा आवाज

व्हिलनमामांना राग आला की ते खाली बसायचे.

जगात सगळी माणसं राग आला की उठतात, बाह्या सरसावतात, खुर्ची मागे सारतात. ह्या माणसाचं सगळं उलटं. रस्ता असो, किराणा दुकान असो नाहीतर लग्नाचा मांडव, जिथे डोकं फिरलं तिथेच फतकल मारायचे आणि खालून वर बघत सुरू व्हायचे. एकदा शिरूरच्या एसटी स्टँडवर कंडक्टर मामींच्या अंगावर खेकसला, डोक्यावरची पाटी घेऊन चढायचं नाही म्हणाला, आणि त्यांना खाली उतरवून त्याने दार लावून घेतलं. मामा चालत पुढे गेले आणि गाडीच्या तोंडासमोर मांडी घालून बसले. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मामा म्हणाले, "वाजव, अजून वाजव. तुझ्या ह्या पिपाणीला माझं कोकरू बी भ्यायचं न्हाई." तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अरे, व्हिलन बसलाय, व्हिलन!" शेजारच्या दोन गाड्या रिकाम्या झाल्या. शेवटी कंडक्टरने खाली उतरून स्वतःच्या हाताने मामींची पाटी आत ठेवली, तेव्हा कुठे मामा उठले. मी नंतर त्यांना विचारलं, की मामा, बसता कशाला? तर म्हणाले, "उभ्यानं राग आला का हात उठतो. बसल्यावर नुस्तं तोंड चालतं. आन् माझ्या हातापेक्षा माझं तोंड जास्त लागतं."

मी हे रागाने लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. व्यक्तिचित्र लिहायला घेतलं की माणूस गोड गोड आठवायला लागतो, डोळ्यांत पाणीबिणी आणतो. मला ते जमणार नाही. मामांची आठवण आली की माझ्या डोक्यात तिडीक जाते, आणि ती कुणाकुणावर जाते ते पुढे येईलच.

मामा माझे नात्यातले नव्हते, सगळ्या तालुक्याचेच मामा; खरं नाव मतदार यादीत होतं, ते तिथेच राहिलं. राहू गावापासून आत, उसाच्या रानांमधल्या एका वस्तीवर त्यांचं घर. बाप मेंढरांच्या मागे आयुष्यभर फिरला, दिवाळी झाली की कोकणात उतरायचा आणि उन्हाळ्यात परत वर यायचा. मामांचं अर्धं आयुष्य त्याच वाटेवर गेलं. पुढे मेंढरं विकून थोडी जमीन केली, ऊस लावला. पण लोकांना ते ठाऊक होते ते पडद्यावरचे म्हणून. मराठी सिनेमात ज्या काळात दर आठ दिवसांनी एक पाटील एका मास्तरणीच्या मागे लागायचा, त्या काळात त्या पाटलाच्या डाव्या हाताला जो उंच, रुंद, काळाकभिन्न माणूस उभा असायचा, मिशीला तूप लावून, ते आमचे मामा. कधी पाटलाचा माणूस, कधी सावकाराचा माणूस, कधी पुढाऱ्याचा माणूस. शेवटी नायकाच्या हातून मार खायचा आणि शेणाच्या ढिगात पडायचं. पोस्टरवर त्यांचं तोंड कधी आलं नाही, पण दौंडपासून शिरूरपर्यंत शेंबडं पोरही त्यांना ओळखायचं.

सिनेमात ते गेले मेंढरांमुळे. शिरूरजवळ घोडनदीच्या काठाला शूटिंग होतं, नायिका मेंढरांमधून गाणं म्हणत चालते असं काहीतरी. कळप मामांचा होता. पुण्या-मुंबईची माणसं कळपाला हाकलायला लागली की मेंढरं एकमेकांत तोंड खुपसून गोल उभी राहायची, हलायलाच तयार नाहीत. दोन तास गेले. मग मामांनी टेकाडावरून एक हाळी दिली. नुसती एक हाळी, आणि सगळा कळप वळून नायिकेच्या मागे चालायला लागला. नायिका घाबरून पळाली ती गोष्ट वेगळी. दिग्दर्शकाने मान वर करून बघितलं, हा कोण एवढा मोठा माणूस, आणि दुसऱ्या दिवशी मामांच्या हातात मेंढरं वळायच्या काठीऐवजी कुऱ्हाड आली. म्हणजे बघा, त्यांना पहिल्यांदा पाहिलं नव्हतं कुणी. पहिल्यांदा ऐकलं होतं.

पडद्यावरच्या पापांची फळं मामा बाहेर भोगायचे, आणि मजेत भोगायचे. वढू बुद्रुकला संभाजी महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला गेले होते तेव्हाची गोष्ट त्यांनीच सांगितलेली. बाहेर खोबऱ्याचा प्रसाद वाटत उभे होते. एका म्हातारीने हात पुढे केला, वर बघितलं आणि हात मागे घेतला. "तुझ्या हातचं न्हाई खायाची मी," म्हणाली, "मुडद्या, त्या पोरीचं घर पेटवून दिलंस तू." मामांनी तिच्या पायावर डोकं ठेवलं. "आजे," म्हणाले, "ती पोर जिती हाय. ठाण्याला ऱ्हाती, आन् तिचं घर माझ्यापेक्षा मोठं हाय." म्हातारीला काही ते पटलं नाही. मामांना मात्र त्या दिवशी आपण खरे नट झालो असं वाटलं. "ते बक्षीस बिक्षीस सोड," म्हणायचे, "म्हातारीनं खोबरं घेतलं न्हाई, आजून काय पायजे?"

आता आवाजाचं सांगते, कारण सगळा जाळ तिथेच आहे.

शूटिंगच्या वेळी नट जे बोलतो ते सिनेमात ऐकू येत नाही. निदान तेव्हाच्या सिनेमांत यायचं नाही. नंतर मुंबईत एका बंद खोलीत पडद्याकडे बघत तेच पुन्हा बोलायचं असतं, त्याला डबिंग म्हणतात. मामा पहिल्या सिनेमाच्या डबिंगला धुतलेला पायजमा घालून, रात्रभर प्रवास करून गेले. वाक्य होतं साधं, "पाटलाच्या वाटंला जाऊ नको." मामांनी ते म्हटलं. काचेपलीकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. मग दिग्दर्शक बाहेर आला आणि मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मामा, राग मानू नका, पण तुमचं गावरान गावरान वाटत नाही."

मग त्यांनी मुंबईतला एक माणूस आणला. जन्माने मुंबईचा, वाढलेला मुंबईत. त्याने ते वाक्य म्हटलं, "आरं ए सुक्काळीच्या, पाटलाच्या वाटंला जाशील तर मडकं फोडीन तुझं, आरं व्हय की रं!" काचेपलीकडे सगळे खूश. त्यानंतर मामांचे जेवढे सिनेमे आले, त्या सगळ्यांत त्याच माणसाचा आवाज. मामांना पुन्हा कुणी मुंबईला बोलावलंच नाही. "माझ्या तोंडातनं त्यो बोलतोय," मामा म्हणायचे, "आन् मी आपला बैलावानी जबडा हलवतोय."

पण मामा गप्प बसणारे नव्हते. जत्रेत तंबूतला सिनेमा लागला आणि त्यात आपण असलो की मामींना घेऊन जायचे, पुढे बसायचे, आणि पडद्यावर आपलं तोंड उघडलं की इकडून स्वतः मोठ्याने बोलायचे. तेच वाक्य, पण आपलं. "पाटलाच्या वाटंला जाऊ नको." शांतपणे, दम देताना आमच्याकडे माणूस खरोखर बोलतो तसं. खरा दम देणारा माणूस ओरडत नाही, हे आमच्याकडे कुणालाही ठाऊक आहे. पहिल्या वेळी लोकांनी "ए खाली बस, गप बस" केलं. दुसऱ्या वर्षी मात्र मामांचा प्रसंग आला की तंबू आधीच चिडीचूप व्हायचा. पडद्यावरचा मुंबईवाला कुणी ऐकायचंच नाही. मामी सांगायच्या, "मी बी डोळं मिटून घ्यायची. म्हंजी मंग नीट ऐकू यायचं."

पुढे तंबू बंद झाले. घरोघर केबल आली. आणि तिथे मी आले.

मी भांडगावची. बी. ए. मराठी, पुण्यातून. पहिल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिले आणि पहिल्याच वाक्यात "न्हाई" म्हणाले. सभागृह हसलं. परीक्षकसुद्धा हसले, वहीत तोंड घालून. त्या दिवसापासून मी माझी जीभ घासायला काढली. रेडिओवरच्या बातम्यांपाठोपाठ बोलायचे, आरशासमोर बोलायचे, 'ण' आणि 'न' ह्यांची जोडी लावून वसतिगृहाच्या जिन्यात घोकायचे. दोन वर्षांत माझ्यातलं भांडगाव पार धुऊन निघालं. घरी गेले की आई चिडवायची, "आल्या का बाई पुण्याच्या? जेवायला वाढू का आपल्याला?" मला त्याचा अभिमान वाटायचा. दौंडच्या लोकल केबल चॅनेलवर मला काम मिळालं ते ह्याच जिभेवर. खाली वाढदिवसाच्या शुभेच्छांची पट्टी धावायची आणि वर मी, साडी नेसून, कडक मराठीत गावातल्या मान्यवरांच्या मुलाखती घ्यायची. लोक म्हणायचे, मॅडमचं बोलणं किती शुद्ध!

दिवाळीच्या कार्यक्रमासाठी मामांना बोलवायचं मीच सुचवलं. ते आले. गुऱ्हाळावरून दोन ढेपा गुळाच्या घेऊन आले, अजून कोमट होत्या. एका दुकानाच्या माळ्यावर आमचा स्टुडिओ, म्हणजे दोन खुर्च्या, एक लाल गालिचा आणि मागे प्लॅस्टिकची फुलं. चहा झाला. चहावर मामांनी डबिंगची ती सगळी गोष्ट सांगितली. त्या दिग्दर्शकाची चाल, त्या मुंबईवाल्याचा "आरं व्हय की रं", काचेपलीकडच्या माणसांच्या माना. आमचे मालक हसून हसून ठसकले, कॅमेरावाल्याने तर भिंतीला डोकं टेकलं. मीही हसले, पोट धरून हसले. आणि एवढं होऊन आमच्यापैकी एकाही शहाण्याला कॅमेरा सुरू करायचं सुचलं नाही. कारण मुलाखत अजून सुरू व्हायची होती ना!

मग ती सुरू झाली. मी विचारलं, "मामा, आपल्या अभिनयाच्या कारकिर्दीची सुरुवात कशी झाली?"

"आता काय सांगावं पोरी," मामा म्हणाले, "मेंढरं व्हती म्हनून मी त्या..."

"थांबा," मी म्हणाले. "मामा, 'होती' म्हणा. आणि 'म्हणून'. पुन्हा घेऊ."

मामांनी पुन्हा सुरू केलं. मी पुन्हा थांबवलं. तिसऱ्यांदा थांबवल्यावर मामा खुर्चीतून उतरले आणि लाल गालिच्यावर बसले. कॅमेरावाला माझ्याकडे बघायला लागला, मालक बाहेर सटकले.

"मी माझ्या बोलण्यातच बोलनार," मामा म्हणाले. "मुंबईवाल्यांनी माझा आवाज काढून टाकला, तवा मी गप बसलो, का तर ते परकं. तुझ्या टीव्हीला बी सोसत नसंल तर बंद कर ते यंत्र आन् दे माझा गूळ."

मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. पाहिजे तर आज सगळं मालकांवर ढकलता येईल, की त्यांना शुद्ध हवं होतं, जाहिरातदारांना हवं होतं. पण नाही. मालकांनी मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. जे बोलले ते मी बोलले. मी म्हणाले, "मामा, लोक हसतील."

"कोन हसंल?"

"सगळे. तुम्हाला माहीत नाही, फार हसतात."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "तुला हसली व्हती का गं?"

मी मानेनेच हो म्हटलं. माझ्या आईलाही मी ते कधी सांगितलं नव्हतं.

मामा उठले. पायजम्याची धूळ झटकली, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बरं. शिकीव."

अर्धा तास मी त्यांना शिकवलं. सहा फुटी माणूस, टेकाडावरून हाळी देऊन कळप वळवणारा, माझ्यासमोर मान डोलावत घोकत होता, "माझ्या कारकिर्दीची सुरुवात मेंढपाळ व्यवसायातून झाली." डबिंगचं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "दिग्दर्शकांना माझा आवाज योग्य वाटला नाही. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही." ते 'तक्रार नाही' माझं. मीच घातलं होतं, वाक्य छान संपतं म्हणून. पूर्ण पाऊण तास मामा हात मांडीवर ठेवून, न हलता, एकेक शब्द जपून बोलले, आणि शेवटी हात जोडून 'धन्यवाद' म्हणाले. मला तेव्हा वाटलं, मी त्यांना जिंकलं. ते माझ्यासाठी वाकले होते, मला आलेल्या लाजेपायी वाकले होते, हे समजायची अक्कल माझ्या त्या शुद्ध डोक्यात नव्हती.

आणि लोक? लोकांनी डोक्यावर घेतली मुलाखत. तीनदा लावावी लागली. "काय शुद्ध बोलले हो मामा! वाटत नाही बघा मेंढरांमागचा माणूस!" हे म्हणणारे कोण, तर घरात बायकोपोरांशी "हाय" आणि "न्हाई" बोलणारेच. एक मुख्याध्यापक तर म्हणाले, मुलांना दाखवण्यासारखी आहे. तेव्हा मी फुलून गेले होते. आता त्यातला एकेक जण आठवला की वाटतं, जाऊन त्याच्या दारात उभं राहावं आणि विचारावं, की तुमची जीभ तुम्ही कुणाकडे गहाण टाकली आहे? पण मग तो मलाही विचारेल.

पुढे काही महिन्यांनी शिरूरच्या बाजारात मामा भेटले. लांबूनच हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "नमस्कार मॅडम! आपण कुशल आहात ना?" आणि असे हसले की भाजीवाल्या बायका वळून बघायला लागल्या. मीही हसले. पण त्या दिवसानंतर मामा मला कधी 'पोरी' म्हणाले नाहीत. मॅडमच म्हणाले.

मामा गेले ते अचानक, उसाला पाणी देताना, छातीत कळ येऊन. दहाव्याला मी गेले. आमच्या भागात दहावा म्हणजे नुसता विधी नसतो. नदीकाठी मांडव असतो, महाराजांचं प्रवचन असतं, आणि त्यानंतर पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं असतात. ज्याचा दहावा आहे त्याला उभ्या जन्मात न भेटलेले लोक माईकवर येऊन त्याच्याशी घरोबा सांगतात. उन्हात टॉवेल डोक्यावर घेतलेली माणसं ऐकत बसतात, सुतकी घरातली तर ऐकतातच, त्यांना उठून जायची सोय नसते. त्या दिवशी अकरा जण बोलले. आमदारकीची तयारी करणारे एक दादा पांढरेशुभ्र कपडे घालून उभे राहिले. म्हणाले, "मामांचा तो पहाडी आवाज आजही माझ्या कानात घुमतो आहे!" आणि काय करावं त्या माणसाने? बोट वर करून, डोळे वटारून, तिथे नदीकाठी, पिंडाशेजारी, माईकमध्ये ओरडला, "आरं ए सुक्काळीच्या, मडकं फोडीन तुझं, आरं व्हय की रं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दहाव्याला टाळ्या! पुढचा उठला, त्यानेही तेच म्हटलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, उठावं, माईक हिसकावून घ्यावा आणि सांगावं, की अरे दिवट्यांनो, तो आवाज मामांचा नाही! ज्या मुंबईवाल्याने त्यांचं तोंड बंद केलं त्याचा आहे! त्याला श्रद्धांजली वाहताय तुम्ही, आणि तो तिकडे जिवंत आहे! अर्धी उठलेसुद्धा. मग बायकांमध्ये बसलेल्या मामी दिसल्या. पदराने कान झाकून, डोळे मिटून बसल्या होत्या. मी पुन्हा खाली बसले. मला कोणत्या तोंडाने उठता आलं असतं?

पंधरा दिवसांनी मामांच्या लेकीचा फोन आला. शिरूरकडे दिलेली, आईसाठी येऊन राहिली होती. म्हणाली, "मॅडम, आई जेवत न्हाई नीट. म्हणती, मला त्यांचा आवाज एकदा ऐकायचाय. सिनेमातला नको म्हणती. तुमच्याकडं आबांची मुलाखत हाय ना?"

मामींनी ती मुलाखत कधी पाहिलीच नव्हती. केबलची वायर त्यांच्या वस्तीपर्यंत गेली नव्हती.

चॅनेल तोवर बंद पडलं होतं. मालकांच्या घरी माळ्यावर चढून मीच कॅसेट शोधली आणि त्यांच्याच घरी लावून बसले. पाऊण तास कान लावून ऐकलं. मला पाहिजे होतं एक 'हाय'. एक 'न्हाई', एक 'आन्', खोकताना निसटलेला एखादा शब्द. माझ्या नजरेतून काहीतरी सुटलं असेलच की! नाही सुटलं. मी फार मन लावून काम केलं होतं.

तरी मी तिची सीडी करून घेतली. फोनवर खरं सांगायची हिंमत नव्हती, आणि मनात एक लबाड आशाही होती, की मामींना मामा हलताना-बोलताना दिसले तरी पुरेल. एसटीने राहूला उतरले, तिथून चालत वस्तीवर. त्यांनी गुऱ्हाळवाल्याकडून सीडीचा प्लेअर मागून आणला होता. शेजारच्या बायका येऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. मामींनी धुवट लुगडं नेसलं होतं. मला त्यांनी आधी पाणी दिलं, मग गूळ दिला, आणि मग टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसल्या. लेकीने सीडी लावली.

मामा दिसले. मामींनी लगेच डोळे मिटले, नीट ऐकू यावं म्हणून.

"माझ्या कारकिर्दीची सुरुवात मेंढपाळ व्यवसायातून झाली," मामा म्हणाले.

मामींनी डोळे उघडले. पडद्याकडे बघितलं, पुन्हा मिटले. मामा बोलतच होते. थोड्या वेळाने मामी म्हणाल्या, "ह्यो कोन बोलतोय?"

"आई, आबाच हायेत की," लेक म्हणाली.

"तोंड त्यांचं हाय. बोलतोय कोन?" मामी माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसतं विचारत होत्या. "ह्याच्यात बी त्या मुंबईवाल्याचाच आवाज भरला व्हय?"

लेक माझ्याकडे बघत होती. मला हो म्हणता आलं असतं. मामींना ते खरं वाटलं असतं, आणि मी दुपारच्या गाडीने सुटले असते.

"न्हाई, मामी," मी म्हणाले. "मुंबईवाल्यानं न्हाई. ह्याच्यात मी भरला. त्यांला त्यांच्यासारखं बोलूच दिलं न्हाई मी. त्ये चिडलं व्हतं माझ्यावर, तरी मी ऐकलं न्हाई."

कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून ती बोली आली होती, आणि ती सुद्धा कशासाठी, तर हे सांगण्यासाठी.

मामींनी माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाल्या, "तू तर आपल्यातलीच ना गं?"

पडद्यावर मामा हात मांडीवर ठेवून बोलतच होते. मामी उठल्या, लेकीला म्हणाल्या, "बंद कर त्ये," आणि तिने सीडी काढल्यावर ती पदराने पुसून माझ्या हातात ठेवली.

"घिऊन जा तुझी," म्हणाल्या. "तोंड बघाया फोटू हाय माझ्याकडं."